रूट फसलं: पुन्हा प्रयत्न, मूळ रॉम की लिनिएज?

रेडमी नोट ४ रूट करायला, म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवायला, मॅजिस्क हे साधन टाकलं आणि फोन लोगोवरच अडकला. लोगो येतो, खाली 'अनलॉक्ड' दिसतं, फोन थरथरतो, पुन्हा लोगो. अशा वेळी हात शिवशिवतात, मिळेल ती झिप फाइल टाकून बघावीशी वाटते. कृपा करून तसं करू नका. पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन एकत्र दाबून धरा. टोपीवाला ससा अँड्रॉइडची दुरुस्ती करताना दिसला, की फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे संगणकावरून कमांड देऊन फाइली टाकता येतात त्या अवस्थेत आहे. म्हणजे तो मेलेला नाही आणि पुढचं तुम्हाला शांतपणे ठरवता येईल.

कोणतीही वाट धरायची असली तरी आधी मूळ बूट इमेज (अँड्रॉइड सुरू करणारी फाइल) परत टाका. मॅजिस्क सिस्टिम विभागाला हात लावत नाही, बूट इमेजमध्ये बदल करतं, त्यामुळे घोळ बहुधा तिथेच असतो. माझा असा झाला: फोनवर एक आवृत्ती होती आणि मॅजिस्कने बदललेली इमेज दुसऱ्या आवृत्तीच्या रॉममधली (रॉम म्हणजे फोनची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम) होती. 'अबाउट फोन'मधला क्रमांक आणि डाउनलोड केलेल्या रॉमचा क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. त्या रॉममधली न बदललेली इमेज फास्टबूटने टाकल्यावर माझा फोन डेटासकट उठला. कमांड 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस'वर थांबली, तर केबल बदला, यूएसबी २ चा पोर्ट वापरा, ड्रायव्हर तपासा.

फोन उठला, की त्यातले फोटो लगेच संगणकावर उतरवून घ्या. मग निवड.

पुन्हा रूट करायचं, तर कशासाठी ते स्वतःला नीट विचारा. नको असलेली अ‍ॅप्स एडीबीने (संगणकावरून फोनला कमांड देण्याचं साधन) रूटशिवायही वापरकर्त्यापुरती काढता येतात. जाहिराती अडवणारं अ‍ॅडअवे व्हीपीएन पद्धतीनेही चालतं. अ‍ॅपच्या डेटासकट पूर्ण बॅकअप किंवा प्रोसेसरच्या वेगावर ताबा हवा असेल, तर मात्र रूटला पर्याय नाही. किंमत मोजावी लागते ती बँकेच्या आणि यूपीआयच्या अ‍ॅप्सपाशी. रूट दिसलं, की ती अडतात, आणि मॅजिस्कच्या २४ व्या आवृत्तीपासून रूट लपवणारं मॅजिस्कहाइड गेलं. निवडलेल्या अ‍ॅप्सपासून मॅजिस्क दूर ठेवणारी डिनायलिस्ट आहे, पण आज चाललेलं अ‍ॅप पुढच्या अपडेटला अडून बसतं. रोजच्या व्यवहाराच्या फोनवर मी हे करणार नाही.

मूळ रॉम संपूर्ण टाकणं ही सगळ्यात खात्रीची वाट. डेटा जातो आणि फोन जुन्या अँड्रॉइड ७ वरच राहतो, पण यूपीआयसाठी हाच मार्ग बरा. शाओमीच्या 'मी फ्लॅश' (Mi Flash) या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये एका जागी डोळ्यांत तेल घालून पाहा: खिडकीच्या तळाशी 'क्लीन ऑल अँड लॉक' (सगळं पुसा आणि लॉक करा) आधीच निवडलेलं असू शकतं. चिनी बाजारातल्या फोनवर ग्लोबल रॉम टाकून बूटलोडर (फोन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) लॉक झाला, तर फोन सुरूच व्हायला नकार देतो. आधी नुसतं 'क्लीन ऑल' करा, फोन चालतोय ते बघा, रॉम त्याच बाजारातली असेल तरच लॉक करा. रेडमी नोट ५ प्रोसारख्या नंतरच्या मॉडेलांत जुन्या आवृत्तीवर परत जाऊ न देणारं अँटी-रोलबॅक आहे. तिथे जुनी रॉम टाकली, तर फोन खरोखरच वीट, म्हणजे कायमचा निकामी, होऊ शकतो.

तिसरी वाट लिनिएजओएसची, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेल्या अँड्रॉइड रॉमची. सायनोजेनमॉड ही तशीच आधीची रॉम बंद पडल्यावर २०१६ च्या अखेरीस हा प्रकल्प उभा राहिला. कंपनीने सोडून दिलेल्या फोनला नवा अँड्रॉइड मिळतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. फक्त फाइल घेताना सांकेतिक नाव बघा. रेडमी नोट ४ नावाचे दोन वेगळे फोन आहेत: मीडियाटेक चिपचा 'निकेल' आणि जानेवारी २०१७ मध्ये भारतात आलेला स्नॅपड्रॅगन ६२५ चिपचा 'मिडो'. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. आणि इथे रूट नसलं तरी बूटलोडर उघडाच राहतो, त्यामुळे बँकेचं अ‍ॅप चालेलच असं धरून चालू नका.

बँकेशी जोडलेलं सिम याच फोनमध्ये असेल, तर मूळ रॉम टाका. फोन दुसरा असेल, तर लिनिएज. मी लिनिएज टाकलं, रूट केलं नाही, आणि यूपीआयचं सिम दुसऱ्या फोनमध्ये हलवलं.