हिरोशिमा की टोक्योची ती बोट? मुलांसाठी एकच निवडायचं असेल तर

जपानच्या सहलीत अणुचाचण्या आणि शांतता या विषयाला एकच दिवस देता येत असेल, तर बहुतेक घरांत हिरोशिमा ठरलेलंच असतं. टोक्योच्या युमेनोशिमा उद्यानातलं दाइगो फुकुर्यु मारू प्रदर्शन भवन यादीतही येत नाही. 1954 मध्ये अमेरिकेच्या अणुचाचणीच्या राखेत सापडलेली याच नावाची जपानी मासेमारी बोट तिथे ठेवली आहे. मुलं सातवी-आठवीच्या पुढची असतील तर ते यायला हवं, असं मला वाटतं.

हिरोशिमाचं संग्रहालय थोर आहे, त्यात वाद नाही. 2019 मध्ये मुख्य इमारत नव्यानं उघडली, तेव्हापासून मांडणीचा सगळा भर माणसांच्या वस्तूंवर आहे. जळके कपडे, डबा, लहान मुलाची तीनचाकी सायकल. बॉम्ब शहराचं काय करतो हे यापेक्षा नीट कुठे कळेल असं वाटत नाही.

पण गर्दी! मुख्य दालन काळोखं, वाट एकेरी. पुढचा सरकला की आपणही सरकायचं. मुलानं एखाद्या वस्तूपाशी थांबून काही विचारलं, तर उत्तर देईपर्यंत मागचे खांद्यावर आलेले असतात. त्यात अण्वस्त्रांच्या धोक्याचा आणि चाचण्यांचा भाग पूर्वेकडच्या इमारतीत, मुख्य दालनानंतर येतो. तिथे पोचेपर्यंत मोठेच गळून गेलेले असतात, मुलांचं तर विचारूच नका. ज्या विषयासाठी एवढं यायचं तोच घाईत उरकतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. सकाळी 7:30 ची वेळ ऑनलाइन आरक्षित केली तर त्रास बराच कमी होतो, पण मग मुक्काम हिरोशिमातच हवा. टोक्योहून शिंकान्सेननं (बुलेट ट्रेननं) एका बाजूचे सुमारे चार तास आणि माणशी 19 हजार येनच्या आसपास.

युमेनोशिमाला एकच वस्तू आहे: सुमारे 28 मीटर लांबीची लाकडी ट्यूना बोट, आणि तिच्याभोवती बांधलेली इमारत. 1 मार्च 1954 ला पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर 'कॅसल ब्राव्हो' ही अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली, तेव्हा ही बोट सुमारे 160 किलोमीटरवर होती. अमेरिकेनं जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर. स्फोट 6 मेगाटनच्या (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकाइतकी ताकद) आसपास होईल असा हिशेब होता, झाला 15 चा. इंधनातलं लिथियम-7 निष्क्रिय राहील असं धरलं होतं. त्यातूनही ट्रिटियम, म्हणजे स्फोटाला आणखी इंधन पुरवणारा हायड्रोजनचा जड प्रकार, तयार झालं. खलाशांना आधी उजेड दिसला, सात-आठ मिनिटांनी आवाज आला. आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटर धरून बोटीशेजारीच मुलांना अंतर काढायला लावा. नंतर काही तासांनी पांढरी राख पडू लागली, म्हणजे भाजून निघालेल्या प्रवाळाची किरणोत्सारी भुकटी. समुद्रात सोडलेले मैलोन्‌मैल गळाचे दोर ओढून घेणं भाग होतं, त्यामुळे 23 जण ती अंगावर घेत काम करत राहिले. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी 23 सप्टेंबरला गेले. त्या राखेचा नमुना इथे कुपीत ठेवलाय.

पुढची साखळीही इथे नीट लागते. दूषित ट्यूना बाजारात आला, घराघरांत भीती पसरली, टोक्योच्या सुगिनामी भागातून अण्वस्त्रांविरोधात सह्यांची मोहीम उभी राहिली आणि सह्या तीन कोटींवर गेल्या. फलकांवर शोधू नका, पण मुलांना आवर्जून सांगा: याच चाचणीनंतर, 2 एप्रिल 1954 ला, नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला होता. पोखरण पुस्तकात वाचलेल्या मुलांचे प्रश्न यानंतर जास्त टोकदार होतात. (उत्तरं तयार ठेवा.)

उणिवा आहेतच. फलक बरेचसे जपानीत. इंग्रजी माहितीपत्रक आत शिरतानाच मागून घ्या. बोटीवर चढता येत नाही. सगळं तास-दीड तासात संपतं, म्हणून काहींना 'एवढंच?' वाटेल. बाहेर ठेवलेलं इंजिन मात्र चुकवू नका. 1967 मध्ये बोट भंगारात गेली तेव्हा ते वेगळं विकलं गेलं, दुसऱ्या जहाजाबरोबर बुडालं आणि 1996 मध्ये समुद्रातून वर काढलं. प्रवेश फुकट, शिन-किबा स्टेशनवरून पायी दहा-पंधरा मिनिटं.

हिरोशिमाची तिकिटं काढलीच असतील तर रद्द करायला सांगणार नाही. फक्त जमलं तर बोट आधी बघा. सोमवारी बंद असते आणि दुपारी 4 ला दार लागतं, तेव्हा जेवणाआधीच गाठा.