थेरपिस्ट शोधताना : १४४१६, सिव्हिल, संस्था की खासगी दवाखाना?

गूगल मॅपवर शोधलं की पुण्यात, ठाण्यात, नाशकात समुपदेशन केंद्रांची रांग लागते, प्रत्येकापुढे साडेचार-पाच तारे. या ताऱ्यांवर विसंबू नका. ज्याला खरोखर उपयोग झाला तो माणूस स्वतःच्या नावानिशी तसं लिहायला सहसा धजत नाही. आपल्या भागात मदतीचे जे मार्ग आहेत, त्यांत काय मिळतं आणि कुठे अडतं, ते इथे मांडलं आहे.

आधी पाटीवरचा शब्द नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषधं लिहून देण्याचा अधिकार त्याचा. त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलून उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असते. त्याच्याकडे सीआरआर क्रमांक असतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. पडताळताना नोंदणीची मुदतही बघा. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए झालेला असतो. या गटात फार चांगली माणसं आहेत, पण ‘थेरपिस्ट’, ‘लाइफ कोच’, ‘हिप्नोथेरपिस्ट’ या पाट्या दोन-तीन महिन्यांचा कोर्स करूनही लागतात. म्हणून पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष केसेस कुणाच्या देखरेखीखाली हाताळल्या, हे विचारायचंच. विचारल्याचा ज्याला राग येतो, तिथे पुढे जाऊ नका.

आता मार्ग. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतो आणि गरज वाटली तर वरच्या स्तरावरच्या तज्ज्ञाकडे जोडून देतो. जवळच्या सरकारी केंद्राची माहितीही इथे मिळू शकते. रात्री दोन वाजता छाती धडधडत असेल, घरात कुणाशी बोलता येत नसेल, तेव्हा या सेवेची खरी किंमत कळते. मात्र दर आठवड्याला त्याच माणसाशी बोलणं, म्हणजे खरी थेरपी, तिच्याकडून अपेक्षू नका. तिचं काम वाट दाखवण्याचं आहे आणि ते मोलाचं आहे.

सिव्हिल हॉस्पिटल हा सर्वांत दुर्लक्षित पर्याय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडी चालते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे दाखल करून घेतात, ही भीती निराधार आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम या विभागाखाली येत नाहीत, तिथे केस पेपरचे पैसे पडतात. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि जुन्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. डॉक्टरांसमोर पाच-दहा मिनिटंच मिळतील, कारण बाहेर गर्दी असते. म्हणून झोप, भूक, कधीपासून त्रास, घरात आणखी कुणाला होता का, हे कागदावर लिहूनच न्या. औषधांसाठी हा मार्ग उत्तम. बोलून उपचार हवे असतील तर ‘इथे सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी बसतात?’ हे स्वतःहून विचारा. आपण विचारलं नाही तर बऱ्याचदा कुणी सांगत नाही.

मराठी माणसासाठी मधला, आणि आमच्या मते सर्वांत भरवशाचा, मार्ग म्हणजे संस्था. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) १९९० पासून काम करते आहे. अशा ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक एकाच छपराखाली असतात, त्यामुळे गोळ्या देणारा आणि बोलणारा यांच्यात संवाद राहतो. व्यसनासाठी पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘आयकॉल’ या समुपदेशन हेल्पलाइनने लोकांनी सुचवलेल्या थेरपिस्टची यादी तयार केली आहे. खासगी थेरपिस्ट शोधायला ती गूगलपेक्षा कितीतरी बरी.

खासगीत पुण्या-मुंबईत ४५ ते ६० मिनिटांच्या सेशनला साधारण हजार ते अडीच हजार रुपये लागतात. बरेच जण विद्यार्थ्यांना, अडचणीतल्यांना फी कमी करतात, पण विचारावं लागतं. अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवर दहा मिनिटं मागून घ्या आणि सरळ विचारा : माझ्यासारखा त्रास असलेली माणसं तुमच्याकडे येतात का? कोणत्या पद्धतीने काम करता? आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे लागतात का? तुम्हाला स्वतःला सुपरव्हिजन, म्हणजे कामावर चर्चा करायला अनुभवी थेरपिस्ट, आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार काही सांगून जातं.

पद्धत विचारायची ती अशासाठी, की प्रत्येक त्रासाला एकच किल्ली चालत नाही. सतत हात धुणं, कुलूप दहादा तपासणं, म्हणजे ओसीडी असेल तर ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ (भीतीला हळूहळू सामोरं जायचं आणि धुण्या-तपासण्याची कृती टाळायची, ही पद्धत) येणारा माणूस हवा. नुसता धीर देणारा थेरपिस्ट तिथे नकळत त्रास वाढवतो, कारण दर वेळी मिळणारा दिलासा हाच त्या चक्राचा भाग असतो. नैराश्य आणि चिंतेसाठी सीबीटी किंवा आरईबीटी, म्हणजे विचारांची चुकीची वळणं ओळखून ती बदलायला शिकवणाऱ्या पद्धती. आरईबीटी आपल्याकडे मानसोपचारक कि. मो. फडके यांच्यामुळे ‘विवेकनिष्ठ’ या नावाने घरोघरी पोचली, त्यामुळे मराठीतून ती करणारे सहज सापडतात. भाषेचा मुद्दा किरकोळ समजू नका. ‘जीव कासावीस होतो’, ‘मनाला लागलं’ हे ज्याला भाषांतराशिवाय कळतं, त्याच्यासमोर अर्ध्या वेळात मोकळं होता येतं.

बिघडतं कुठे? पहिल्याच भेटीत दहा सेशनचं पॅकेज आगाऊ विकणं. ‘शंभर टक्के बरं करतो’ अशी हमी. सायकॉलॉजिस्टने गोळ्या सुचवणं. पत्रिका मागणं. लग्न केलं की ठीक होईल, असा सल्ला. यातलं काहीही दिसलं तर उठून या. तालुक्याच्या गावात वेगळीच अडचण असते. समुपदेशक मुलाच्या शाळेतली बाई असते, नाहीतर नात्यातली. अशा वेळी व्हिडिओवरून दुसऱ्या शहरातला थेरपिस्ट बरा, फक्त दार लावून बसता येईल अशी जागा हवी. नवऱ्याने किंवा सासूने फोन करून ‘काय बोलली?’ विचारलं तर थेरपिस्ट काय सांगणार, हेही पहिल्या भेटीतच विचारून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तेव्हासारखे मोजके अपवाद आहेत आणि चांगला थेरपिस्ट ते आधीच सांगतो.

याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजाराइतकंच संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. सेशनच्या फीसाठी ओपीडी कव्हर आहे का, ते बघा.

जीव देण्याचे विचार येत असतील तर यादी, फी, वेटिंग सगळं बाजूला ठेवा. लगेच १४४१६ किंवा ११२ लावा, जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा आणि कुणालातरी सोबत घ्या.

तीन-चार सेशननंतर स्वतःला विचारा : खरं बोलता येतं का, आणि कशावर काम चाललंय ते आपल्याला माहीत आहे का? पहिल्या एक-दोन भेटींनंतर थकवा येणं, रडू येणं स्वाभाविक आहे, तेवढ्यावरून सोडू नका. पण चौथ्या भेटीतही दिशा कळत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. तरीही बदलावंसं वाटलं तर न सांगता जाणं थांबवू नका. आतापर्यंतच्या कामाचा एक पानी सारांश लिहून मागा. नव्या थेरपिस्टकडे तो दिला की सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची वेळ येत नाही.