कोपनहेगनहून पश्चिमेला की उत्तरेला? एकट्याने रेल्वेने स्कँडिनेव्हिया फिरणाऱ्यांसाठी

पाठीवर सॅक घेऊन एकट्याने, रेल्वेने स्कँडिनेव्हिया फिरायचं ठरवणाऱ्यांपैकी बरेच जण कोपनहेगनला उतरतात. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. एक पश्चिमेची: मालमो, गोथेनबर्ग, ऑस्लो आणि डोंगर ओलांडून बर्गन. दुसरी उत्तरेची: स्टॉकहोम, आणि तिथून रात्रीच्या गाडीने आर्क्टिक वृत्तापलीकडचं नार्विक. हातात दहा-बारा दिवस असतील तर यातली एकच निवडा. नकाशावर दोन्ही जोडता येतात, पण मग शहरं फक्त स्टेशनांपुरती दिसतात.

माझं मत आधीच सांगते. पहिल्यांदा जात असाल तर पश्चिमेला जा. उत्तरेचा मार्ग कमी सुंदर आहे असं मुळीच नाही. पण एकट्या माणसाकडून तो जास्त मागतो, आणि काय मागतो हे जाण्याआधी कळलेलं बरं.

सुरुवात दोन्हीकडे सारखीच आहे. कोपनहेगनहून गाडी विमानतळावरून समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, पेबरहोम या कृत्रिम बेटावर वर येते आणि मग जवळपास ८ किलोमीटर लांबीच्या पुलावरून स्वीडनमध्ये पोचते. २००० साली हा ओरेसुंड पूल सुरू झाला आणि मालमो कोपनहेगनपासून पाऊणएक तासावर आलं. पासपोर्ट सॅकच्या तळाशी ठेवू नका, स्वीडनच्या बाजूला तपासणी होऊ शकते. मालमोला उतरलात तर फलाफल खा. पश्चिम आशियातून आलेल्या लोकांनी हे शहर फलाफलसाठी प्रसिद्ध केलं आहे, आणि शाकाहारी माणसाला या प्रवासात इतकं स्वस्त आणि पोटभर जेवण फार ठिकाणी मिळत नाही.

पश्चिमेच्या मार्गाचा मोठा गुण म्हणजे त्याचे टप्पे. कोपनहेगन ते गोथेनबर्ग पावणेचार तास, गोथेनबर्ग ते ऑस्लो जवळपास तेवढेच, ऑस्लो ते बर्गन साडेसहा-सात तास. सगळा प्रवास दिवसाउजेडी होतो. गावात पोचून हॉस्टेल शोधायला, वाण्याचं दुकान बघायला संध्याकाळ हातात उरते. सोबत कोणी नसताना अनोळखी शहरात उजेडी पोचणं ही मोठी सोय आहे. गोथेनबर्गला शहराच्या ट्रामच्याच तिकिटावर बोटीने दक्षिणेकडच्या बेटांवर जाता येतं. ऑस्लोचं ऑपेरा हाउस २००८ मध्ये उघडलं. त्याच्या उतरत्या छतावर कोणीही चढून बसावं, पैसे पडत नाहीत. विगेलांड शिल्पउद्यानही फुकट. एवढ्या महाग शहरात असे दोन दिवस निघाले की खिशाला बराच आराम मिळतो.

आणि मग बर्गनची गाडी. १९०९ साली पूर्ण झालेला हा मार्ग जंगल, तळी ओलांडत चढत जातो, झाडं संपतात, आणि १२२२ मीटरवर फिन्से येतं. या स्टेशनला मोटारीचा रस्ताच नाही, जायचं ते रेल्वेनेच. खाली उन्हाळा असताना इथे डब्याबाहेर बर्फ दिसतं. पुढे म्युर्दालला उतरून फ्लोमची गाडी घेता येते: २० किलोमीटरमध्ये ८६७ मीटरवरून थेट फियोर्डच्या (डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या) काठापर्यंत. कसारा घाटात १ : ३७ चा चढ आहे, तिथे मागून जादा इंजिन लावावं लागतं हे आपल्याला माहीत आहे. फ्लोमच्या मार्गावर सर्वांत तीव्र चढ जवळपास १ : १८ चा आहे, म्हणजे कसाऱ्याच्या साधारण दुप्पट. तिकीट महाग आहे, आणि युरेल पासवर (युरोपभर रेल्वेने फिरण्याचा एकत्रित पास) ही गाडी फुकट नाही, फक्त सवलत मिळते. पैसे मोजायचे असतील तर इथे मोजा, दुसरीकडे वाचवा. बर्गनला मात्र पाऊस गृहीत धरूनच जा. छत्री वाऱ्यात टिकत नाही, चांगलं रेनकोट हवं.

उत्तरेच्या मार्गाचं चित्र वेगळं आहे. कोपनहेगन ते स्टॉकहोम वेगवान गाडीने पाच-साडेपाच तास. स्टॉकहोमला तीन दिवस तरी द्या. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं वासा जहाज एवढ्यासाठीच जावं असं आहे. मेट्रोची बरीच स्टेशनं खडक कोरून रंगवलेली आहेत, मेट्रोच्या तिकिटावरच चित्रं बघत फिरता येतं. त्यानंतर खरी परीक्षा येते. नार्विकची गाडी संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते, अठरा-एकोणीस तास. सकाळी डोळे उघडतात तेव्हाही बाहेर तेच सूचिपर्णी जंगल आणि तीच दलदल. कोणाशी बोलावं तर डब्यातले लोक पुस्तकात किंवा झोपेत. ज्यांना स्वतःबरोबर तासन्‌तास गप्प बसायला आवडतं, त्यांना या गाडीसारखं सुख नाही. ज्यांना चार तासांनी कोणाला तरी फोन करावासा वाटतो, त्यांना हा प्रवास जड जातो.

किरुनानंतर मात्र खिडकी सोडवत नाही. याच गावाच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज बारमाही न गोठणाऱ्या नार्विक बंदरात न्यायला हा मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला, आणि आजही ६८ वाघिणींच्या मालगाड्या शेजारून जातात. खाणीमुळे जमीन खचते म्हणून गावच हलवलं जातंय. १९१२ चं लाकडी चर्च २०२५ च्या ऑगस्टमध्ये अख्खंच्या अख्खं उचलून ५ किलोमीटर नेलं. नार्विककडे जाताना उजव्या बाजूला बसा: आधी तूर्नेत्रेस्क तलाव, मग सीमा ओलांडल्यावर खाली फियोर्ड. एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नार्विक नॉर्वेत असलं तरी नॉर्वेच्या बाकी रेल्वेला जोडलेलं नाही. पुढे जायचं तर बस किंवा विमान, नाहीतर त्याच गाडीने मागे.

ऋतूने निवड सोपी होते. जून-जुलैत मध्यरात्रीचा सूर्य हवा असेल तर उत्तर. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर प्रकाश (रात्रीच्या आकाशातले नॉर्दर्न लाइट्स) बघायचा असेल तरीही उत्तर, आणि मग किरुना आणि नार्विकच्या मधल्या आबिस्कोला उतरा, डोंगरांच्या आडोशामुळे तिथलं आकाश बरेचदा मोकळं असतं. मे, ऑगस्ट, सप्टेंबर असेल तर निःशंकपणे पश्चिम. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या मिडसमर या सणाच्या शुक्रवार-शनिवारी स्वीडनमध्ये बरंच काही बंद असतं. नॉर्वेत मोठी किराणा दुकानं रविवारी बंद. शनिवारी ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा.

पैशांचं गणित मार्गावरच ठरतं. पश्चिमेच्या तीन-चार टप्प्यांसाठी पास सहसा परवडत नाही. नॉर्वेच्या गाड्यांची स्वस्त तिकिटं एक-दोन महिने आधी मिळतात, तीच सुटी-सुटी काढा. उत्तरेला जाऊन परत यायचं असेल किंवा तारखा मोकळ्या ठेवायच्या असतील तर पासचा विचार करा, पण स्वीडनच्या वेगवान गाड्यांत आसनाचे आणि रात्रीच्या गाडीत बर्थचे पैसे वेगळे पडतात. रात्रीच्या प्रवासात पासचा एकच दिवस खर्च होतो, हा फायदा खरा. भारतातून जाणाऱ्यांना युरेल पास मिळतो. जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना, तिथलं वास्तव्य असल्यामुळे, युरोपातल्या रहिवाशांसाठीचा इंटररेल पास घेता येतो. सत्ताविशीपर्यंत दोन्हींत तरुणांची सवलत आहे.

एकट्याला सगळ्यात जास्त खर्च झोपण्याचा येतो, कारण खोली वाटून घ्यायला कोणी नसतं. हॉस्टेलमध्ये चादर-उशीच्या अभ्र्याचे वेगळे पैसे लावतात, म्हणून स्वतःची चादर न्या. झोपण्याची पिशवी बऱ्याच ठिकाणी चालत नाही. नॉर्वे-स्वीडनमध्ये मोकळ्या रानात एक-दोन रात्री तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना आहे (नॉर्वेत वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर), डेन्मार्कमध्ये नाही. शहरं बघायला निघालेल्या एकट्या माणसाने त्यासाठी तंबूचं ओझं वाहावं असं मला वाटत नाही. स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल बघा, मेतकूट आणि भाजणी घेऊन जा. पेढे, खवा, तूप घरीच ठेवा, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तिन्ही देशांचे क्रोन वेगवेगळे आहेत, पण रोख जवळपास लागतच नाही. दोन कार्डं न्या आणि वेगवेगळ्या खिशांत ठेवा, कारण एक हरवलं तर उसने द्यायला शेजारी कोणी नाही.

मार्ग व्हिसाच्या आधी पक्का करा. शेंगेन व्हिसाचा (या तिन्ही देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, रात्री समसमान असतील तर जिथे आधी शिरणार त्या देशाकडे. पश्चिमेच्या मार्गात बहुधा नॉर्वे येतो, उत्तरेच्या मार्गात स्वीडन. कोपनहेगनला उतरताय एवढ्यावरून डेन्मार्ककडे अर्ज करू नका. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. रद्द होऊ शकणारी हॉस्टेलं आधी, मग व्हिसा, आणि परत न होणारी रेल्वेची तिकिटं शिक्का हातात आल्यावरच.