म्हापशाचा शुक्रवारचा बाजार: नाताळच्या हातच्या भेटींसाठी काय घ्यावं, काय टाळावं

नाताळच्या भेटी घरीच करायच्या असतील तर कच्च्या मालासाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठावा. गोव्याच्या बार्देश तालुक्यात त्याला तोड नाही. डबे, कागद, फिती यांसाठी मात्र तो कामाचा नाही, आणि तयार भेटवस्तू तर तिथून घेऊच नयेत. पर्यटकांसाठी मांडलेल्या शंख-शिंपल्यांच्या माळा, छापील पिशव्या, लाखेच्या बांगड्या यांतलं बरंचसं गोव्याबाहेरून येतं.

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) ताट ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातं आणि नाताळला कोन्सोआदाचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट तिकडून येतं. आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं. त्यामुळे डिसेंबरात हिंदू घरांतही काहीतरी करावं लागतंच, आणि दुकानातला चॉकलेटचा डबा त्या ताटाला शोभत नाही. ज्या घरात दोदोल, दोस, कुलकुल, बेबिंक हे नाताळचे गोड पदार्थ सगळे हाताने झालेले आहेत, त्या घरात हातचंच काही जायला हवं.

नाताळच्या आधीचे तीन शुक्रवार धरून चालावं. पहिल्या शुक्रवारी टोपल्या, मिरची आणि विनागर (व्हिनेगर). दुसऱ्या शुक्रवारी माडाचा गूळ. नारळ मात्र शेवटच्या शुक्रवारी. सकाळी आठ ते दहा ही वेळ चांगली. अकरानंतर पर्यटकांची गर्दी होते, माल हाताळून बघायला जागा राहत नाही आणि विक्रेत्यालाही बोलायला सवड नसते. गाडी बाजारालगत लावायच्या भानगडीत पडू नये. कदंब बसस्टँडवरून चालत जाणं सोपं, कारण परतताना हातात नारळ असले तरी अंतर फार नाही.

या बाजारातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे माडाचा गूळ, ज्याला कोकणीत माडाचें गोड म्हणतात. रेंदेर माडावर चढून सूर, म्हणजे माडाचा रस, काढतो, तो आटवून हा गूळ होतो. माडावर चढणारे कमी झाले तसा अस्सल गूळही दुर्मीळ झाला, आणि उसाचा गूळ किंवा साखर मिसळलेले गडद खडे त्याच नावाने विकले जाऊ लागले. तपासायला तीन गोष्टी पुरतात. अस्सल गूळ काळपट तपकिरी असतो आणि नख लावलं की मेणासारखा दबतो. उसाच्या मिश्रणाचा खडा कडक असतो आणि रवाळ तुटतो. चव नुसती गोड नसते, तिच्यामागे किंचित खारट आणि धुरकट झाक लागते. वासही धुराचाच येतो, काकवीचा नाही. शंकूच्या आकारावर विश्वास ठेवू नये, साच्यात काहीही ओतता येतं. विक्रेत्याने चाखायला तुकडा दिला नाही तर पुढच्या पाटीकडे जावं.

या गुळाचा दोदोल ही भेट म्हणून सर्वांत भरवशाची गोष्ट. त्यात अंडं नाही, मैदा नाही, भट्टीची गरज नाही. प्रमाण असं: तांदळाचं पीठ 250 ग्रॅम, गूळ 500 ग्रॅम, मध्यम आकाराचे तीन नारळ, काजू 100 ग्रॅम, चिमूटभर मीठ. नारळ कानाजवळ हलवून पाणी खळखळतं का ते पाहावं आणि डोळे कोरडे आहेत ना याची खात्री करावी. ओलसर डोळ्याचा नारळ आतून खवट निघतो आणि एका नारळाने सगळी कढई वाया जाते. फोडल्यावर प्रत्येक नारळ वेगळा चाखावा, मगच एकत्र खोवावा.

पहिला दाट रस दोन कप काढून बाजूला ठेवायचा. दुसरा आणि तिसरा पातळ रस मिळून चार कप. पीठ थंड पातळ रसातच कालवायचं. रस कोमट असला तरी गुठळ्या धरतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. गूळ कपभर पाण्यात वितळवून मलमलीच्या फडक्यातून गाळायचा. ही पायरी चुकवली तर दोदोल दाताखाली कचकचतो, कारण माडाच्या गुळात रेती आणि कोळशाचे कण असतात. जाड बुडाच्या कढईत पीठ आणि गूळ मध्यम आचेवर एकत्र करावं, दाटपणा आला की आच कमी करून दाट रस दोन हप्त्यांत घालावा, आणि मग हात थांबवू नये. साधारण सव्वा ते दीड तास लागतो. तासाभराने कडेला खोबरेल तेल सुटायला लागतं आणि लोक तिथेच कढई उतरवतात. तिथेच घात होतो. तेल सुटल्यावर अजून पंधरा-वीस मिनिटं तरी ढवळायचं, गोळा कडा सोडून कालथ्याबरोबर फिरेपर्यंत. अर्धा चमचा ओल्या ताटलीवर टाकावा. निवल्यावर बोटाला चिकटला नाही तर झाला. लवकर उतरवलेला दोदोल दिसायला तसाच असतो, पण आतलं पाणी राहिल्यामुळे तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशी येते, आणि ती शेजाऱ्याच्या घरी येते.

तूप लावलेल्या ताटात ओतून रात्रभर उघडा, वर जाळी झाकून निववावा. कोमट असताना कापला तर सुरीला ओढला जातो. कोमट असताना डब्यात भरला तर झाकणाला घाम येतो. या प्रमाणात सव्वा किलोच्या आसपास होतो, म्हणजे पाव किलोच्या पाच भेटी. बटर पेपरात गुंडाळावा. केळीचं पान दिसतं छान, पण ते पाणी सोडतं, म्हणून त्याच दिवशी संपणार असेल तरच वापरावं. डिसेंबरच्या कोरड्या हवेत बाहेर सहा-सात दिवस टिकतो. 22 किंवा 23 तारखेला करणं योग्य.

जिथे गोड आधीच जास्त झालेलं असेल तिथे रेशाद मसाल्याची, म्हणजे मासळीत भरायच्या लाल मिरची-विनागरच्या वाटणाची, बाटली द्यावी. त्यासाठीचं विनागर या बाजारात चांगलं मिळतं. माडाच्या सुराचं विनागर किंचित गढूळ आणि फिक्या पेंढ्याच्या रंगाचं असतं, तळाशी थोडा गाळ दिसतो, वासात सुराची ओळख राहते. पाण्यासारखं स्वच्छ आणि नाकात झोंबणारं असेल तर ते कृत्रिम. मिरचीच्या बाबतीत हंगाम लक्षात ठेवायला हवा. हरमलची मिरची हिवाळ्यात लावून उन्हाळ्यात सुकवतात, त्यामुळे डिसेंबरात मिळते ती गेल्या पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची. देठ पिवळट तपकिरी, साल लवचिक आणि बी आत घट्ट असेल तर हरकत नाही. हलवल्यावर बी खुळखुळलं आणि साल चुरली तर रंग गेलेला असतो. काणकोणची खोला मिरची पावसाळी पीक, ती या दिवसांत नवी असते. पण तिच्यासाठी मडगावला विचारणं बरं.

प्रमाण 100 ग्रॅम सुक्या मिरच्या, 25 लसूण पाकळ्या, इंचभर आलं, एकेक मोठा चमचा जिरं आणि मिरी, आठ लवंगा, दोन इंच दालचिनी, एक लहान चमचा हळद, लिंबाएवढी चिंच, एक मोठा चमचा मीठ, एक लहान चमचा साखर आणि 250 मिलिलिटर विनागर. मिरच्या विनागरातच दोन तास भिजवाव्यात. वाटताना पाण्याचा थेंब नको; मिक्सर अडला की पाणी घालायचा मोह होतो, त्याऐवजी चमचाभर विनागर घालावं. उकळून पूर्ण कोरड्या केलेल्या लहान काचेच्या तीन बाटल्या भरतात. पत्र्याचं झाकण विनागराने गंजतं, म्हणून झाकणाखाली बटर पेपरचा गोल तुकडा ठेवावा किंवा प्लास्टिकचं झाकण वापरावं. दिल्यावर फ्रिजमध्ये ठेवायला सांगायला विसरू नये.

आता टोपल्या. भेट ठेवायला परडी किंवा लहान सूप घेण्यासाठी हाच बाजार योग्य, कारण विणणारेच पुष्कळदा विकायला बसतात आणि मापाची ऑर्डर घेतात. दोदोलची एक पुडी, मसाल्याची एक बाटली आणि वर थोडे काजू यासाठी 20 सेंटिमीटर व्यासाची, 10 ते 12 सेंटिमीटर उंचीची परडी पुरते. टोपली उलटी करून काळ्या कापडावर किंवा वर्तमानपत्रावर दोनदा ठोकावी. पिठासारखी बारीक भुकटी पडली तर बांबूला भुंगा लागलेला आहे, तो दोन महिन्यांत टोपली पोकळ करतो आणि घरातल्या लाकडाकडेही वळतो. काठ दुहेरी असावा आणि बांधणी बोटाने सरकता कामा नये. हिरवट, जड वाटणारी टोपली ओली असते. ती स्वस्त मिळते, पण तीन दिवस ऊन दाखवल्याशिवाय तिच्यात काही ठेवलं तर काळे ठिपके येतात. वाळल्यावर कामट्या आक्रसून काठ सैल पडतो, हेही धरून चालावं. आतून 120 नंबरच्या काचपेपरने घासलं नाही तर कुसळं कागद फाडतात. रंगवलेल्या टोपल्या खाण्याच्या वस्तूसाठी नकोत.

ताटावर किंवा परडीवर टाकायला क्रोशाचा रुमाल हवा. 20 नंबरचा सुती दोरा आणि सव्वा मिलिमीटरची सुई घेतली तर पाव मीटरचा रुमाल बेताचा घट्ट होतो. खळ पेजेच्या निवळीची द्यावी, गाळून आणि तितकंच पाणी घालून. दाट खळ सुकल्यावर पांढरी पापुद्र्यांनी निघते. खळ दिलेला रुमाल तसाच कपाटात ठेवला तर झुरळं लागतात, म्हणून घेणाऱ्याला धुऊन ठेवायला सांगावं.

नक्षत्रासाठी, म्हणजे नाताळच्या चांदणीच्या आकाशकंदिलासाठी, लागणाऱ्या कामट्या टोपलीवाल्यांकडेच मिळतात. 60 सेंटिमीटरच्या दहा कामट्या म्हणजे दोन चांदण्या, आणि त्यांच्यामध्ये आतल्या पाच छेदांवर 10 सेंटिमीटरचे पाच आडवे तुकडे. सगळ्या कामट्या एकाच जाडीच्या निवडल्या नाहीत तर चांदणी एका बाजूला कलते. पतंगाचा कागद आणि आत पाच वॅटचा एलईडी. जुना पिवळा बल्ब कागद करपवतो.

दराबद्दल एवढंच, की पाट्या लावलेल्या नसतात. पहिली फेरी नुसती विचारत मारावी, दुसऱ्या फेरीत घ्यावं. माडाच्या गुळावर आणि टोपल्यांवर घासाघीस करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. एका परडीमागे बांबू तोडणं, चिरणं, तासणं, विणणं एवढं काम असतं आणि तो दर आधीच कमी आहे. मसाले, सुकामेवा, दोरा यांवर खुशाल करावी.

बटर पेपर, झाकणाच्या बाटल्या आणि चिठ्ठ्या म्हापशातल्याच स्टेशनरीच्या आणि भांड्यांच्या दुकानांतून घ्याव्यात. बाजारात दोन कापडी पिशव्या आणि एक ताठ पुठ्ठ्याचा खोका न्यावा. गूळ खोक्यातच ठेवावा. नारळांखाली आला तर घरी पोचेपर्यंत पिशवीला चिकटलेला असतो.