लाकडी रेस कारचं किट: गाडी नाही, ठोकळा येतो

आधीच सांगते, म्हणजे नंतर विक्रेत्याच्या नावाने बोटं मोडायला नको: या खोक्यात गाडी नाही. पाइनचा एक चौकोनी ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं, चार खिळे आणि इंग्रजीतला एक कागद, एवढाच ऐवज. डिलिव्हरीसकट साडेअकराशे रुपये. फोटोत दिसते ती टोकदार नाकाची लालभडक गाडी कुणीतरी याच ठोकळ्यातून काढलेली आहे आणि आपल्या घरी ते काम आपल्यालाच करायचं असतं. एकेक स्टार देऊन 'फसवणूक' लिहिणाऱ्यांनी वर्णन वाचलेलं दिसत नाही. माझ्याकडून चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीत आहे, त्यामुळे घरात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, असतो. सासरे, म्हणजे नाना, ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून, फिटर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे कानसी, हॅक्सॉ, टेबलाला लावायचा छोटा व्हाइस हे सगळं माळ्यावर होतंच. ज्यांच्या घरी यातलं काही नाही त्यांनी किंमत धरताना एक बारीक दातांची करवत, एक कानस, एक हँड ड्रिल आणि वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर धरावेत. रविवार कारंजाच्या बाजूला कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात हे मिळतं. किट घेतलं लेकीसाठी. वय नऊ, चौथी.

अशा गाड्यांच्या शर्यतीचा हा खेळ, 'पाइनवुड डर्बी', मूळचा अमेरिकेतला. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाचे एक गृहस्थ कब स्काउटची, म्हणजे लहान मुलांच्या स्काउटची, तुकडी चालवत होते. तिकडे उतारावरून मुलं स्वतः बसून बिनइंजिनाच्या गाड्या पळवतात, त्या सोपबॉक्स डर्बीत यांचा दहा वर्षांचा मुलगा वयाने बसेना. मग मर्फींनी तळहातावर मावेल अशी गाडी काढली: आईबापांनी आणि पोरांनी मिळून बनवायची आणि उतरत्या ट्रॅकवरून सोडून द्यायची. इंजिन नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही. मर्फी नोकरीला होते नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये, आणि पहिल्या शर्यतीला हातभारही त्याच कंपनीच्या मॅनेजमेंट क्लबने लावला. हे नानांना वाचून दाखवलं तर ते एकदम सरसावून बसले. "म्हणजे विमानवाल्यांचंच काम की हे!" आणि खिळा चष्म्याजवळ नेऊन म्हणाले, "मग याला बर कसा काय सोडला?"

नानांचा मुद्दा बरोबर आहे. हे खिळेच गाडीचे आस. त्यांच्या डोक्याखाली साच्याची बारीक धार राहिलेली असते, तोच नानांचा 'बर', आणि अंगावर खिळा बनवताना पडलेले वळ असतात. बोट फिरवलं की लागतात. चाक फिरताना नेमकं इथेच घासतं, आणि या गाडीत जे काही हरायचं ते बहुतेक इथेच हरतं. किटच्या कागदात याबद्दल अवाक्षर नाही. आम्ही खिळा हँड ड्रिलच्या तोंडात पकडला. नाना दांडा फिरवत होते आणि लेक आधी बारीक कानस, मग ४००, ६००, १००० असे वॉटर पेपर ओले करून त्यावर धरत होती. शेवटच्या पेपरला खिळ्यात ट्यूबलाइट दिसायला लागली, तेव्हा तिने स्वतःहून बाकीचे तिन्ही मागून घेतले. नऊ वर्षांच्या मुलीला फिनिश म्हणजे काय हे कळायला एवढं पुरतं. आमच्याकडे नव्या ट्रेनींना ते समजावताना माझा घसा बसतो.

आता ठोकळा. लांबी सात इंच, रुंदी पावणेदोन, उंची सव्वा. माझ्या व्हर्नियरवर हे बरोबर आलं. आस बसवायच्या दोन खाचा खालून कापलेल्याच येतात आणि पाचवा स्टार कापला तो या खाचांमुळे. गुण्या लावून पाहिलं तर मागची खाच काटकोनात, पुढची सरळसरळ तिरकी. तशीच चाकं बसवली असती तर गाडी सुटल्यापासून एका बाजूला ओढत राहिली असती, आणि ट्रॅकच्या मधल्या पट्टीला अशी घासत गेली की वेग जातो. आम्ही ती खाच लाकडाची चीप आणि फेविकॉल घालून बुजवली आणि नवीन कापून घेतली. आमच्या ओळखीत हे जमणारं माणूस होतं. सगळ्यांकडे नसतं. विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं की लाकूड 'नैसर्गिक' असल्याने थोडा फरक चालतो. लाकूड नैसर्गिक असेल हो, पण खाच मशीनची आहे.

नवी खाच कापायला सातपूरला आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो होतो. त्यांनी ठोकळा हातात घेऊन उलटसुलट केला, नख रुतवून पाहिलं आणि हसलेच. "ताई, हे तर पॅकिंगचं लाकूड. याचे पैसे दिले तुम्ही?" खरंच आहे. बाहेरून मशीन येतात त्यांची खोकी नि पॅलेट पुष्कळदा याच जातीच्या लाकडाची असतात, आणि अंबड-सातपूरच्या कुठल्याही भंगारवाल्याकडे त्यांचा ढीग पडलेला असतो. मिस्त्रींनी तशा एका फळीतून आमच्यासमोर चार ठोकळे कापून दिले आणि पैसे घेईनात. फक्त एक बघून घ्या: अशा लाकडावर कीड मारण्याची प्रक्रिया कशी केली त्याचा शिक्का असतो. एचटी म्हणजे उष्णता देऊन, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूने. मुलं घासणार, भुसा नाकात जाणार, तेव्हा एचटीचंच घ्या. एमबी लिहिलेलं तिथेच ठेवा.

या कापण्यात एक गंमत आहे. अख्खा ठोकळा सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतो आणि आकार देताना त्यातलं निम्मं वजन भुशात जातं. स्पर्धेच्या नियमात मात्र गाडीचं कमाल वजन पाच औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅम. मग हलकं लाकूड काढायचं कशाला? तर ते वजन पाहिजे तिथे परत घालता यावं म्हणून. हवं असतं मागे, मागच्या आसाच्या जरा पुढे. सुरुवातीला गाडी उतारावर नाक खाली करून उभी असते, म्हणजे तिची शेपटी सर्वात उंच. वजन शेपटीकडे असेल तर ते जास्त उंचीवरून खाली येतं, तेवढा वेग जास्त मिळतो. फार मागे नेलं तर पुढची चाकं उचलायला लागतात आणि गाडी भरकटते. आणि वजन कमाल मर्यादेपर्यंत का भरायचं? चाकं फिरवण्यात थोडी शक्ती जाते, हवा थोडी खाते. गाडी जड असली की एकूण शक्तीत या खर्चाचा वाटा कमी होतो. लेकीला हे "जास्त पगारात घरभाडं कमी जाणवतं" असं सांगितलं, तर तिने विचारलं, "आई, आपलं किती आहे?" असो.

वजनाला शिसं वापरू नका, मुलांच्या हातात ते नको. आम्ही जुन्या बेअरिंगचे छर्रे वापरले. खालून भोकं पाडून आत भरायचे आणि वरून एम-सील. घरचा किचनचा काटा एक-एक ग्रॅमने उडी मारतो, त्यावर माझा विश्वास नाही. म्हणून सराफ बाजारात, जिथून घरचे दागिने होतात त्या पेढीवर गाडी घेऊन गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवरच्या दादांनी काचेचं झाकण सरकवून गाडी ताटलीत ठेवली, चाक काट्याच्या कडेला टेकत होतं म्हणून आडवी फिरवली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "ताई, घडणावळ किती लावू?" काटा थांबला १३८.४६ वर. लेकीने तिथेच वहीत वजाबाकी केली: ३.२४ बाकी. आठ मिलिमीटरचा छर्रा २.०९ ग्रॅम, सहाचा ०.८८. दोन्ही मिळून गाडी १४१.४३, आणि उरलेला पाव ग्रॅम एम-सीलला. दादांनी दोन्ही छर्रे वेगळे तोलून खात्री करून दिली. शाळेच्या पुस्तकातल्या दशांश अपूर्णांकांना इतका मान आमच्या घरात आधी कधी मिळाला नव्हता.

वंगणाबद्दल: तेल लावू नका, धूळ धरतं. ग्रॅफाइटची कोरडी पावडर लागते. पेन्सिल किसून भागेल असं नवऱ्याचं मत होतं, पण पेन्सिलीच्या शिशात चिकणमाती मिसळलेली असते आणि मातीने घर्षण वाढतं. कुलपात घालायची ग्रॅफाइट पावडर मिळते ती आणा आणि भरताना खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. आमच्या ओट्यावर अजून राखाडी डाग आहे.

चाकं मात्र किटमधली चांगली निघाली. साच्याची रेघ थोडी होती, ती पेपरने गेली. फिरवून सोडलं तर डगमगत नाहीत. खरं तर पैसे द्यावेत ते याच चार तुकड्यांना. एक युक्ती नानांनी सुचवली: पुढचं एक चाक केसभर वर बसवायचं, जमिनीला टेकू द्यायचं नाही. तीन चाकांवर गाडी पळते आणि चौथं फिरवण्यात शक्ती जात नाही. अमेरिकेत अनुभवी लोक हेच करतात. काही ठिकाणी नियमाने बंदी असते, तेव्हा आधी ठरवून घ्या.

ट्रॅक किटबरोबर येत नाही आणि ही गोष्ट विक्रेत्याने ठळक अक्षरात लिहायला हवी होती. ट्रॅकशिवाय ही गाडी म्हणजे शोकेसमधली वस्तू. आमच्या सोसायटीत चार-पाच घरांनी वर्गणी काढून आठ बाय चारचा प्लाय आणला, मिस्त्रींकडून त्याच्या पट्ट्या काढून घेतल्या आणि प्रत्येक पट्टीच्या मधोमध लाकडी पट्टी ठोकली. गाडीची चाकं या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी धावतात, म्हणून चाकांमधलं अंतर पावणेदोन इंच आणि पोटाखाली तीन अष्टमांश इंच मोकळं लागतं. छर्रे भरताना एम-सील खाली फुगलं तर गाडी वाटेतच अडकते. प्लायचे सांधे वर-खाली राहिले की चाकं उडतात, त्यामुळे सांध्यांवर वेळ घालवा. वरचं टोक जिन्याच्या कठड्याला बांधलं, खालचं पार्किंगमध्ये.

आता सोसायटीतल्या बापलोकांविषयी. नाशिकमध्ये दर दुसरा बाप कुठल्या ना कुठल्या कंपनीत मशीनवर, नाहीतर मशीनच्या हिशेबावर. खेळ जाहीर झाला आणि आठवड्याभरात मुलं बाजूला, बाप व्हॉट्सअ‍ॅपवर. एकाची गाडी तर इतकी गुळगुळीत होती की तिला मुलाचा हात लागलाय असं त्याच्या मुलालाही वाटत नव्हतं. अशा गाड्या सुंदर असतात, पण मुलगा शर्यतीत फक्त ती आणून ठेवतो. मग वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नियम घातला: गाडी सोडण्याआधी मुलाने सांगायचं, वजन कुठे घातलंय, का घातलंय आणि खिळा कशाने घासला. उत्तर बापाने दिलं तर गाडी बाहेर. त्या गुळगुळीत गाडीचा मालक दुसऱ्या प्रश्नाला बापाकडे बघायला लागला. बापाने तोंड उघडलं आणि काकूंनी गाडी उचलून बाकावर ठेवली. बाप अजून काकूंशी जेमतेम बोलतो. मुलाने मात्र दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन मिस्त्रींकडचा एक कोरा ठोकळा मागून नेला.

लेकीची गाडी दुसरी आली. पहिली आली ती सहावीतल्या एका मुलाची, रंगही न दिलेली, दिसायला साबणाची वडी.

हे किट आकार दिलेल्या ठोकळ्यासह 'रेडी टू रेस' म्हणूनही मिळतं, चारशे रुपये जास्त. ते घेऊ नका. त्यात मुलाला करायला फक्त स्टिकर लावणं उरतं, आणि त्याची तिरकी खाच दुरुस्त करणं तर आणखी अवघड, कारण खाली धरायला सपाट बाजूच राहत नाही. पावसाळ्यात घेणार असाल तर ठोकळा आठ दिवस घरात उघडा ठेवून मगच कापा. दमट हवेत लाकूड फुगतं, सुकलं की आकसतं आणि घट्ट बसवलेले खिळे सैल होतात. आमच्या शेजाऱ्यांची चाकं ऑक्टोबरच्या उन्हात अशीच हातात आली.

दोन मुलं असतील तर किट एकच घ्या, ठोकळे भंगारातून, आणि ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याला विचारा की चाकं-खिळ्यांचं पाकीट सुटं देता का. आम्हाला विचारल्यावर मिळालं, साइटवर ते कुठेच दिसत नाही.