नाव काली, कॉलर निळी: हाताने रंगवलेल्या पलटणी चित्रांचा नऊ महिन्यांचा अनुभव

मी ५४ मिमीचे धातूचे शिपाई रंगवते. संदर्भाला चांगली चित्रं लागतात, म्हणून गेल्या मे महिन्यात तीन मागवली. दोन ए. सी. लव्हेट यांच्या चित्रांच्या हाताने केलेल्या नकला, तिसरं सांगून काढून घेतलेलं. प्रत्येकी साडेचार हजार, फ्रेम वेगळी.

लव्हेट स्वतः ग्लॉस्टरशायर रेजिमेंटचे अधिकारी. १९११ साली लंडनहून निघालेल्या 'द आर्मीज ऑफ इंडिया'त त्यांची ७२ रंगीत चित्रं आहेत. त्यांची गंमत कपड्यांइतकीच माणसांत आहे: चेहरे, उभं राहण्याची ढब, पागोट्याचा बांध. पण तेव्हाची छपाई तीन रंगांच्या ठिपक्यांची. पान डोळ्यांजवळ नेलं की बटणं विरघळतात. नक्कल करणारा त्या पानाच्या स्कॅनवर काम करतो आणि ठिपक्यांच्या जागी अंदाज भरतो. माझ्या स्किनर्स हॉर्सच्या स्वारावर खांद्यावरच्या साखळीचे नुसते करडे फटकारे झालेत. शिवाय शंभर वर्षांत कागद तांबूस पडलेला, तोही नकलेत उतरलाय. १८०३ साली हांसीला ही पलटण उभी करणारा स्किनर आधी शिंद्यांच्या कवायती फौजेत होता, त्यामुळे या स्वारावर माझा जरा जास्त जीव. त्याचा पिवळा कुर्ता मोहरीच्या रंगाचा झालेला बघवत नाही.

गाइड्सचं चित्र मात्र फर्स्ट क्लास. लम्सडेननं १८४६ मध्ये पेशावरला ही पलटण उभी केली आणि तिथूनच खाकीची चाल पडली. खाक म्हणजे धूळ, आणि चित्रकारानंही मातीचेच रंग वापरलेत, ओकर आणि अंबर. नऊ महिने हॉलमध्ये लटकतंय, तसूभर फिकं पडलेलं नाही.

आता तिसरं. माझे सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमधले, म्हणजे 'काली पाँचवीं'. १९०३ साली ब्रिटिश हिंदी फौजेतल्या पलटणींना नवे नंबर दिले, तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले गेले, पाचवीची १०५वी झाली. पुढे तोही नंबर गेला, नाव मात्र राहिलं. त्यांच्यासाठी १०५वीचा लाल कोटातला शिपाई सांगितला. पार्सल उघडून आबांच्या हातात दिलं. चष्मा पुसून त्यांनी एकदाच पाहिलं. "सूनबाई, नाव काली आणि कॉलर निळी कशी?"

फेसिंग, म्हणजे कॉलर आणि बाह्यांच्या टोकांचा रंग, हीच पलटणीची ओळख. नावातला काळा तिथलाच. मी ऑर्डर देताना ते लेखी कळवलं होतं. विक्रेत्यानं आधी "गडद निळा काळाच दिसतो" असं सांगून पाहिलं, मग परत मागवून वरून काळा दिला. कुरियरचे पैसे माझे, हे अजून खटकतं.

खरा दणका पुढेच होता. ते चित्र पश्चिमेच्या गॅलरीलगत लावलं, ही माझी चूक. दिवाळीनंतर लाल कोट गुलाबीकडे झुकल्यासारखा वाटला. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचलून पाहिलं तर कडेला झाकलेली पट्टी तशीच लालभडक! विचारल्यावर कळलं, अलिझारिन क्रिमझन वापरलाय. एके काळी ब्रिटिश शिपायांचे लाल कोट मॅडरच्या मुळांनी रंगवत. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपीय बहीण, आणि अलिझारिन हे तिच्यातलंच रंगद्रव्य, आता कारखान्यात बनतं. ऐतिहासिकदृष्ट्या अगदी चपखल, पण कागदावर उन्हात टिकत नाही. कॅडमियम किंवा पायरॉल लाल मागायला हवा होता.

पावसाळ्यात स्किनरच्या फ्रेममध्ये बुरशीचे दोन ठिपके आले. काच कागदाला चिकटली होती. मध्ये जाड आम्लरहित माउंट घालून घेतल्यावर थांबलं.

नमुना म्हणून या चित्रांचा उपयोग होतो का? माणूस, पागोटं, कमरबंद यांच्यासाठी होतो, छापील पोस्टरपेक्षा नक्की जास्त. बटणं आणि बकल यांच्यासाठी मी जुने फोटोच बघते.

चौथं पूना हॉर्सचं मागवणार आहे. या वेळी आगाऊ पैसे देण्याआधी वापरायच्या प्रत्येक रंगाचा तुकडा मागितलाय. अर्धा झाकून महिनाभर गॅलरीच्या काचेला लावून ठेवणार. काली पाँचवीं आता आबांच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीवर आहे. उजेड तिरका पडला की काळ्याखालची निळी कॉलर दिसते, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आबा ती दाखवतात.