क्रॉसफ्लोचा माग: हॉटवायर की इन्फ्रारेड कॅमेरा?

बेळगावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मागे कललेल्या पंखावरील सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर, हा विषय प्रबंधासाठी घेणारा एखादा विद्यार्थी अधूनमधून भेटतो आणि त्याचा प्रश्न बहुधा हाच असतो की, स्वनातीत वेगाला क्रॉसफ्लोची, म्हणजे त्या थरातल्या आडव्या प्रवाहाची, अस्थिरता हॉटवायरने मोजावी की इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहावी. मी दोन्ही मार्गांनी काम केले आहे, म्हणून जे अनुभवले ते सांगतो.

हॉटवायरचा मान मोठा आहे आणि तो योग्यच आहे. पाच मायक्रॉन जाडीची टंगस्टनची तापवलेली तार प्रवाहातली कंपने थेट टिपते. त्यामुळे समोरची लाट स्थिर भोवऱ्यांची आहे की सरकणारी, हे तिच्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. नेहमीच्या स्वनातीत विंड टनेलमध्ये नॉझलच्या भिंतींवरचा टर्ब्युलंट, म्हणजे खळबळीचा, सीमास्तर ध्वनी फेकत राहतो आणि त्या गोंगाटाने ट्रान्झिशन, म्हणजे शांत थर खळबळीचा होण्याची जागा, अलीकडे सरकते. नासाच्या लँगली केंद्राला मॅक 3.5 चा (ध्वनीच्या साडेतीनपट वेगाचा) शांत टनेल उभारावा लागला तो याचसाठी. आपल्या टनेलमध्ये हा गोंगाट किती आहे, ते तारच सांगते. मॉडेलचा पृष्ठभाग सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, त्यामुळे पृष्ठभागाचे तापमान टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ते कळत नाही.

तरीही माझा कल बदलला तो तार तुटण्यामुळे. साठवलेली दाबाखालची हवा सोडून चालणारा ब्लोडाउन टनेल सुरू होताना आघात तरंग चाचणी कक्षातून पुढे सरकतो आणि दाबाखालच्या हवेबरोबर धुळीचे कणही येतात. मी स्टीलच्या डब्यात स्पंज घालून त्यात प्रोब (तार बसवलेल्या सळया) ठेवले होते आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला जाताना रात्रभर तो डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत त्यांतला एकच प्रोब शाबूत उरला. तुटलेली तार सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जोडता येते, परंतु स्वनातीत प्रवाहात तारेवर वस्तुमान-प्रवाह आणि एकूण तापमान या दोहोंचा परिणाम एकत्र होत असल्याने नव्या तारेचे कॅलिब्रेशन वेगवेगळ्या ओव्हरहीटला (तार प्रवाहापेक्षा किती जास्त तापवली, त्या प्रमाणाला) मुळापासून करावे लागते. कालचे वाचन आणि आजचे वाचन शेजारी ठेवताना मग मन निःशंक राहत नाही.

कॅमेऱ्याची अडचण निराळी आहे. साध्या काचेतून त्याला दिसत नाही, त्यामुळे जर्मेनियम किंवा झिंक सेलेनाइडची खिडकी लागते. धातूचे मॉडेल उष्णता पसरवून चित्र पुसट करते. मी प्रथम ॲल्युमिनियमच्या मॉडेलला काळा लेप दिला. अग्रकडेजवळ, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेजवळ, लेप जिथे संपत होता, तिथे नखाला बारीक पायरी लागत होती. चित्रातले भोवऱ्यांचे पट्टे दरवेळी त्या पायरीपासूनच, त्याच जागी उमटत. स्थिर क्रॉसफ्लो भोवऱ्यांना अग्रकडेजवळचा काही मायक्रॉनांचा खडबडीतपणाही पुरतो. अमेरिकी संशोधक विल्यम सारिक आणि सहकाऱ्यांनी 1998 साली कमी वेगाच्या प्रयोगांत असेच सूक्ष्म ठिपके ठरावीक अंतरावर मुद्दाम लावून ट्रान्झिशन लांबवून दाखवले होते. म्हणजे पाहण्यासाठी दिलेला लेपच मी पाहत होतो.

दुसरे मॉडेल पीक या उष्णतारोधक प्लास्टिकचे केले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारागिराने ओल्या पॉलिश पेपरने अग्रकड इतकी घासली की, तिरप्या उजेडातही ओरखडा दिसेना. त्यानंतर पट्टे फिके झाले आणि ट्रान्झिशनची रेषा स्पष्टपणे मागे गेली. टर्ब्युलंट भाग लवकर निवत असल्याने संपूर्ण पंखावरची ती दातेरी रेषा एकाच रनमध्ये समोर येते. तारेने तेवढेच शोधायला मला कित्येक रन घालवावे लागले असते.

सरकत्या लाटा किंवा भोवऱ्यांवर उमटणारी दुय्यम अस्थिरता हाच ज्यांच्या प्रबंधाचा गाभा आहे, त्यांना हॉटवायर टाळता येणार नाही आणि त्यांनी माझ्या सांगण्यावरून ती सोडू नये. मात्र पृष्ठभागाच्या सफाईचा परिणाम पाहायचा असेल, तर मला कॅमेराच जवळचा वाटतो. ब्रिटिश संशोधक ग्रे यांना 1952 साली कललेल्या पंखांवर ही अस्थिरता प्रथम आढळली, तीही पृष्ठभागावरच्या पट्ट्यांतूनच.

टनेलचे तीन-चार दिवसच मिळणार असतील, तर इन्फ्रारेड खिडकी आहे की नाही, हे तारीख घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. हॉटवायरचे दोन प्रोब सोबत असावेत, पण ते शेवटच्या दिवशी बाहेर काढावेत.